आत्याच्या तोंडी परका आवाज

मंगळवार, किहीम

काल मी लिहिलं की सिनेमा घरात सगळ्यांना आवडला. ते चूक आहे. सगळे हसले, एवढंच खरं.

काशीदला शूटिंग झालं तेव्हा आत्याला बोंबील वाळत घालताना घेतलं होतं. सिनेमा कुठे चाललाच नाही. काल दादाने टीव्हीवर लावला. हात आत्याचेच, बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून दोरीवर टाकणारे. आवाज मात्र भलत्याच बाईचा. शूटिंगच्या वेळी आत्या माझ्यासमोर हिरोला म्हणाली होती, "बसा, पानी आनते." पडद्यावर ती त्याला आईवरून शिवी देते.

"आत्या पेटलीय," म्हणत दादा लोळला. बाबाही हसले, सख्ख्या बहिणीला. मी बोलले तर म्हणाले, "सिनेमा हाय गो तो. कोन बघतंय?"

शनिवारी आत्याच्या अंगणात पडदा लावून सगळी वाडी हा सिनेमा बघणार आहे. तिनेच हौसेने बोलावलंय, स्वतः न बघता. शाळेआधी मला अक्षरं तिने शिकवली; 'मेल्या' म्हटलं तरी पाटी काढून घ्यायची. तिच्या तोंडी हे? किती निगुतीने चालत होते ते हात. पण सिनेमावाल्यांना कोळीण म्हणजे शिवीच हवी. आणि मी तरी टीव्ही बंद का नाही केला?

फोनवर सांगितलं तर ती हसण्यावारी नेईल आणि मग एकटी रडेल. शेजारी बसून दाखवायला हवं. पडदा लावायचा की नाही, ते तिने ठरवावं. बाबा काहीही म्हणोत, मी काशीदला जाणार, परवा, गुरुवारी.