तिसरा खंड आणि आपले आजोबा

सन्माननीय व्याही श्री. यज्ञेश्वरराव यांस,

अवधूतचा साष्टांग नमस्कार. (आजवर हा नमस्कार मी कागदावर घालून मोकळा होत असे. या वेळी प्रत्यक्ष घालायचीही तयारी आहे, फक्त मग मला उठवायला कोणीतरी लागेल.) आपला गुडघा कसा आहे? विहीणबाईंचा खोकला थांबला असेल. आमच्याकडे सगळं ठीक. हिची प्रकृती उत्तम, फक्त ही माझ्याशी बोलत नाही. का, ते पुढे येईलच. आपण दोघंही पुण्यात राहत असताना पत्र कशाला, असं आपल्याला वाटेल. फोन केला असता. पण आपला फोन नेहमी स्पीकरवर असतो, आणि जे सांगायचं आहे ते विहीणबाई, जावईबापू, आमची स्वराली आणि आपल्याकडे भांड्याला येणाऱ्या विमलाबाई अशा सर्वांनी एकदम ऐकू नये, एवढी लाज माझ्यात अजून शिल्लक आहे.

माझा छंद आपण जाणता. निवृत्त झाल्यावर लोक योगासनं करतात, मी जुनी इतिहासाची पुस्तकं जमवू लागलो. नुसती जमवून थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मला पुस्तकापेक्षा त्याचा आधीचा मालक जास्त भुरळ घालतो. पहिल्या पानावरचं नाव, एखादा शिक्का, मध्येच सापडलेलं एसटीचं तिकीट यांच्या आधारे मी माणूस शोधून काढतो आणि त्याच्या वारसांच्या दारात पुस्तक घेऊन उभा राहतो. लोक घाबरतात. (त्यांना वाटतं, आता हे घरात ठेवून घ्यावं लागणार.) नारायण पेठेतल्या एका गृहस्थांनी तर जाळीच्या दारातूनच सांगितलं की वडील वारले, पुस्तक नको, बेल पुन्हा वाजवू नये. तरी मी थांबलो नाही, कारण या शहरात मला आता दुसरं कोणी काही विचारत नाही.

तर तो तिसरा खंड. उत्तर पेशवाईच्या इतिहासाचा, हिरव्या कापडात बांधलेला, मला रद्दीत मिळाला. सुरुवातीची पानं वाळवीने खाल्लेली, त्यामुळे नाव नाही. पण समासात शाईने बारीक टिपणं. कुठे मोडीतलं मूळ कागदाचं वाचन, कुठे इंग्रजीत दुरुस्ती, आणि जिथे लेखकाने जरा हात सैल सोडला आहे तिथे तिथे एकच शब्द: ‘पुरावा?’ काय तो दरारा! अशा खवट आणि व्यासंगी माणसाचा शोध मी तीन महिने घेतला. म्हणजे सदाशिव, नारायण आणि शनिवार या पेठांत घेतला. बाकीचं पुणे मला आठवलंच नाही. हडपसरचं म्हणाल तर मी त्या बाजूला आयुष्यात फक्त सोलापूरला जाताना गेलो आहे, आणि तेव्हाही डुलकी लागली होती.

मालक काही सापडेना आणि आपला अमृतमहोत्सव तोंडावर आला. इथे मला एक जुनी गोष्ट काढावी लागते. स्वरालीच्या लग्नात मठ्ठा पातळ झाला होता, हे आपण कधी बोलून दाखवलं नाहीत. (फक्त प्रत्येक दिवाळीला मठ्ठा पिताना आपण पेला उजेडात धरता.) मुलीचा बाप म्हणून मला एकदा तरी आपल्यासमोर ताठ उभं राहायचं होतं. आपले आजोबा इतिहासाचे मोठे रसिक होते, रागीट होते, त्यांची पुस्तकं पुरात गेली, असं आपण एकदा म्हणाला होतात. मी विचार केला, पुरात गेलेलं एखादं पुस्तक कुठेतरी कडेला लागलंही असेल. आधी ‘असेल’ होतं. मग ‘असावं’ झालं. भाषण लिहून होईपर्यंत ‘आहे’ झालं होतं.

समारंभात मी काय काय बोललो ते आपल्याला पाठ आहे, कारण आपण त्या भाषणाच्या प्रती काढून पाहुण्यांना वाटल्या. ‘अशी विद्वत्ता, असं मोडी, अशी तर्ककठोर शिस्त आपल्या या दोन-चार पेठांच्या बाहेर कुठे सापडायची?’ या वाक्याला टाळ्या पडल्या. हिरवं कापड हे आपल्या आजींच्या शालूचं, हेही मीच बोलून गेलो. (हे आधी लिहिलेलं नव्हतं, आयत्या वेळी सुचलं.) विहीणबाईंनी त्यावर हळद-कुंकू वाहिलं. आणि आपण, ज्यांना मी मुलीच्या पाठवणीतसुद्धा डोळे पुसताना पाहिलं नाही, ते आपण पुस्तक छातीशी धरून रडलात. त्या वेळी मला स्वतःचा फार अभिमान वाटला. आता तोच क्षण आठवला की मी पानावरून उठून गॅलरीत जातो.

मला मिरवायची खोड, म्हणून त्या समासांचे फोटो मी पुस्तकवेड्यांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले. दुसऱ्या दिवशी पूर्वा रणपिसे नावाच्या मुलीचा निरोप आला: सर, हे हँडरायटिंग माझ्या पणजोबांचं आहे, आजी तुम्हाला चहाला बोलावते आहे. मी हडपसरला गेलो ते त्यांचा गैरसमज दूर करायला. होय, गैरसमज त्यांचा, अशी माझी समजूत होती. जाताना भाषणाची एक प्रतही घेतली.

आजी म्हणजे पूर्वाच्या आजोबांच्या बहीण हिराबाई रणपिसे, उपजिल्हाधिकारी म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांचे वडील दशरथ रणपिसे हे महापालिकेच्या शाळेत इतिहास शिकवत. छप्पन्न साली बौद्ध झालेलं घर. दिवाणखान्यात भिंतभर पुस्तकं, आणि मधल्या फळीवर हिरव्या कापडात बांधलेले पहिला, दुसरा आणि चौथा खंड. हिराबाईंच्या आईचं लुगडं जुनं झालं तेव्हा गुरुजींनी त्याचं बाइंडिंग करून घेतलं होतं. तिसरा खंड त्यांच्या एका सहकाऱ्याने वाचायला नेला, तो परत आलाच नाही. मी पहिला खंड उघडला. समासात ‘पुरावा?’. दुसरा उघडला. त्यातही.

हिराबाईंनी शांतपणे विचारलं, “तुमच्या व्याह्यांच्या आजोबांचं आहे हे कशावरून ठरवलंत?” मी सांगितलं: मोडी उत्तम, इंग्रजी स्वच्छ, स्वभाव कडक, सूतभरही चूक खपवून न घेणारा माणूस. त्या म्हणाल्या, “अहो, हे तर आमच्या आबांचंच वर्णन झालं. मग आमच्यासारख्या घरातलं असेल, असं तुमच्या मनात एकदाही का आलं नाही?”

यज्ञेश्वरराव, मी चहाचा कप उचलला. एरवी मला कुठल्याही विषयावर पाऊण तास बोलता येतं. चहात साखर नाही हे मला कप संपल्यावर कळलं. मुख्य म्हणजे त्या चिडल्या असत्या तर मला सुटल्यासारखं झालं असतं. त्यांनी आणखी थोडे पोहे वाढले. परतीच्या बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसलो. मला लाज वाटते, आणि ती फक्त चूक झाल्याची नाही. तसं घर मनात न येण्यासाठी मला जराही प्रयत्न करावा लागला नव्हता, याची आहे.

पुराने एकदा नेलेल्या आपल्या आजोबांना मी आता आपल्यापासून दुसऱ्यांदा हिरावून घेतो आहे. क्षमा मागायला तोंड नाही म्हणून हात वापरतो आहे. लहानांस आशीर्वाद.

आपला अपराधी व्याही,
अवधूत

ता. क. आपण ते पुस्तक काचेच्या पेटीत ठेवलं आहे, ती पेटी उघडावी ही विनंती. हिराबाईंनी मागितलेलं नाही. गुरुजींच्या जन्मशताब्दीला चारही खंड एका फळीवर दिसावेत, असं मलाच वाटतं. हळद-कुंकू ओल्या फडक्याने पुसायला जाऊ नये, कापड फाटेल.

ता. क. दुसरा: खरं काम हे. मला एकट्याने पुन्हा त्या दारात उभं राहण्याचा धीर नाही. आपण बरोबर याल का? लिफ्ट आहे, गुडघ्याला त्रास होणार नाही. मठ्ठ्याबद्दल वाटेत काय हवं ते बोलावं.

ता. क. तिसरा: माझ्या थोरल्या मेहुण्यांना मी त्यांच्या खापरपणजोबांची म्हणून जी बखर दिली, तिच्याविषयी तूर्त त्यांच्याकडे काही बोलू नये. त्यांच्या बहिणीने, म्हणजे हिने, माझ्याशी बोलणं टाकलं आहे ते त्यावरूनच.

ता. क. शेवटचा: भाषणाची प्रत मी हडपसरला विसरलो होतो. काल पूर्वाने ती टपालाने परत पाठवली. आपल्या आजोबांच्या नावासमोर पेन्सिलीने ‘पुरावा?’ लिहिलं आहे, अक्षर थेट पणजोबांचं. शालूसमोरही तेच. त्या पेठांच्या वाक्यासमोर, ज्याला आपण सगळ्यांनी टाळ्या दिल्या, तिथे काही लिहिलेलं नाही. खाली फक्त एक रेघ ओढली आहे.