दोन साखळ्या पूर्वेला

५ एप्रिल
गजूने शेततळ्याच्या आखणीचा चुना टाकला. धाकट्या भावाचा मुलगा, आता किन्हीराजा गावची शेती तोच पाहतो. बांधाच्या दगडापासून पूर्वेला शंभर फूट सोडून पुढे दीडशे फूट लांबी. म्हणाला, "काका, एकदा टेप लावून पाहा, तुमच्या डोयाले चूक लवकर दिसते." लावला. नऊ इंच चुकला होता. बोललोच. मोजणी खात्यातून निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली, जीभ अजून नोकरीवर आहे.
सीताफळीला धक्का नाही. झाड त्याच दगडापासून सहासष्ट फुटांवर. बायकोने, सुमनने, दोनदा विचारून खात्री केली. तिथे आमची पहिली मुलगी आहे. नऊ दिवसांची गेली. बारसं व्हायचं होतं.

७ एप्रिल
सुमन सकाळी झाडाशी जाऊन बसली. बेचाळीस वर्षं जाते. हरभऱ्याचा पहिला घाटा तिथे ठेवते. घरातलं सगळं सांगते, कोणाचं लग्न जमलं, कोणाला नोकरी लागली. मी बांधावर उभा. जवळ गेलो की ती गप्प होते.
ऊन फार. बीपीची गोळी विसरलो.

११ एप्रिल
जऊळक्याला महादेवदादांकडे. सुमनचे थोरले भाऊ, रेल्वेत रूळ सांभाळणाऱ्या गँगचे मेट, म्हणजे मुकादम होते, आता नव्वदीला टेकले. मुलीला पुरलं त्यांनीच. मी तेव्हा इंझोरीला मोजणीच्या कँपवर. निरोप तिसऱ्या दिवशी मिळाला. आलो तर दादांनी एवढंच सांगितलं, बांधाच्या दगडापासून दोन साखळ्या, पूर्वेला. मी मोजून खूण केली. सव्वा महिन्यानं सुमनला नेऊन दाखवली. तिनेच मग तिथे सीताफळ लावलं.
आज तळ्याचं सांगितलं. "पोरीपासून लांब हाय ना?" म्हणाले. म्हटलं, आहे, चौतीस फूट, दोन साखळ्या म्हणजे सहासष्ट.
दादा हसले. "भाऊजी, ते तुमची बुटकी साखळी. मी तं लाइनीच्या साखळीनं मोजलं. पोरगी हातात होती, पायानंच मोजलं. रोज तेच चालत होतो न मी."
लाइनीची साखळी किती फुटांची, विचारलं. "मोठी," म्हणाले. मग त्यांनी त्यांची बायको, आमची वहिनी, कुठे गेली म्हणून विचारलं. वहिनी जाऊन सहा वर्षं झाली.
चहा तसाच राहिला.

१२ एप्रिल
ट्रेनिंगच्या पहिल्याच आठवड्यात घोकलेलं. इंग्लंडात साखळी सहासष्ट फुटांची. अमेरिकेतल्या इंजिनिअरांची शंभर फुटांची. आपल्याकडे जमीन मोजायला साहेबाची साखळी अर्धी केली, तेहतीस फूट, सोळा कड्या. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे गुंठा. मी जन्मभर तीच ओढली. पण लाइनीवर, सडकेवर बाकीच्या दोन्ही चालल्या. दादांच्या पायात कोणती बसली होती?
म्हणजे एकशे बत्तीस फूट, नाहीतर दोनशे. दोन्ही चुन्याच्या आत.
मोजणीदाराने आधी विचारायचं, माप कोणतं? हजारभर शेतकऱ्यांना विचारलं असेल. मेहुण्याला विचारलं नाही. त्या दिवशी विचारायचंच नव्हतं मला. लवकर मोजून मोकळं व्हायचं होतं. खरं हे आहे. इतक्या वर्षांत कुठे लिहिलं नव्हतं.

१५ एप्रिल
गजूला म्हटलं, तळं बांधाच्या पलीकडे, पश्चिमेला सरकव.
"तिकडं उतार नाही काका. कायले सरकवू?"
इथे खडक लागेल म्हणालो.
"तुमीच तं म्हणले होते, इकडं मुरूम हाय."
खोटं बोलायलाही सराव लागतो. खोदायचं मशीन १९ला येणार. पुढे ढकल म्हटलं तर म्हणाला, मग पावसाळ्यानंतरच नंबर लागेल.

१६ एप्रिल
दादांना फोन. सुनेने त्यांच्या कानाशी धरला. विचारलं, दादा, सहासष्ट की शंभर?
"हो," म्हणाले.
पुन्हा विचारलं. पुन्हा हो.
सून म्हणाली, "काका, सकाळपासून कोणालेच ओळखून नाही राह्यले ते."
सुमनने आतून विचारलं, कोणाचा फोन. राँग नंबर म्हणालो.

१७ एप्रिल
एकटाच शेतात गेलो. एकशे बत्तीसवर उभा राहिलो. तुरीची धसकटं. दोनशेवर उभा राहिलो. तीच धसकटं. वाटलं होतं, बापाला काहीतरी कळेल. काही कळलं नाही. आणि दादांचं पाऊल त्या दिवशी रोजच्याएवढं पडलं असेल कशावरून? हातात मूल घेऊन माणूस किती लांब टांग टाकतो?
ढेकळात बसून रडलो. एकाहत्तर वय. कोणी नव्हतं ते बरं.

१८ एप्रिल
सुमनला सांगितलं. दुपारी ती तांदूळ निवडत होती. सगळं सांगितलं, दादांचं, साखळीचं, मी न विचारल्याचं. इंझोरीहून पहिल्याच दिवशी निघता आलं असतं का, तेही. निरोप नव्हता मिळाला, पण ती बाळंतीण असताना कँपवर जायला नको होतं.
तिने ताट पूर्ण निवडलं. मग म्हणाली, "बेचाळीस वर्षं मी कोणाशी बोलून राह्यली होती?"
माझं चुकलं, एवढं म्हणालो. हे मी तिला तेव्हाच म्हणायला हवं होतं.
"तुमी रडले होते का तवा?"
नाही म्हणालो. मोजत होतो.
जेवली नाही. मीही नाही.
संध्याकाळी विचारलं, गजूला खरं सांगून काम थांबवू का. थांबवून तरी काय, म्हणाली, पुढच्या साली कोणीतरी खंदीनच. मग तिने दिवा मालवला. मला वाटलं, झोपली.
"उद्या मशीन याच्या आधी मले नेजा," म्हणाली. "झाडापाशी नाही. ती हाय तिथं. कुठं बसू, तेवढं दाखवा."
हो म्हणालो.
सकाळी सहाला निघायचं ठरलं. कुठे नेऊ, ते ठरलेलं नाही.