तोंडाशी पांढरी वाफ

आबा,

सकाळपासून एका जागी बसवत नाही. कारखान्यातून घरी आले, चहा केला, तो तसाच गार झाला, आणि आता हे लिहायला घेतलंय. टाकायचं कुठे ते माहीत नाही, तरी लिहितेय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण वडवणीच्या घरातली ती किटली डोळ्यांसमोरून हलत नाही. आई भाकरी थापतेय, तुम्ही बॉयलरवरची ड्युटी संपवून आलाय आणि माझं कॉलेजचं पुस्तक बाजूला सारून म्हणताय, "तोंडाशी बघ बाई. जितं काय दिसत न्हाई तितं वाफ हाय. फुडं पांढरं दिसतं ते पाणी." मला हसू आलं होतं. एवढ्यासाठी पुस्तकात दहा पानं होती.

मग मी तुमच्याच साखर कारखान्यात इंजिनिअर म्हणून आले. हंगामाचा बॉयलर पेटवताना, अग्निप्रदीपनाला, नारळ तुम्ही फोडलात आणि मी साहेबांच्या रांगेत उभी होते. हंगाम सुरू होऊन चारच दिवस झाले असतील. वाफेत पाणी किती ते मला मोजायचं होतं. माझं उपकरण साधं: वाफ बारीक भोकातून मोकळ्यावर सोडायची. पुरेशी कोरडी असेल तर ती उकळत्या पाण्याहून जास्त गरम राहते, आणि किती जास्त, त्यावरून गणित. त्या दिवशी पारा अठ्ठ्याण्णववर अडला, म्हणजे आपल्याकडे पाणी उकळतं तिथेच. अशा वेळी उपकरणाला काही सांगताच येत नाही. वाफ जराशी ओली असो की चिंब, पारा तिथेच राहणार. हे मला शिकवलेलं होतं. तरी मी आकडे सूत्रात घातले आणि शंभरात त्र्याण्णव भाग कोरडी असं लिहून मोकळी झाले. तुम्ही बॉयलरमधून वाफ नेणाऱ्या लाइनीवरची छोटी नळी उघडलीत. "तोंडापासूनच पांढरी हाय. पाण्यात उसाचा रस उतरलाय, बॉयलर फेसाळतोय. मिल थांबवाया सांग." सगळ्या शिफ्टसमोर मी म्हणाले, "आबा, इथे मी तुमची मुलगी नाही. आकडा बघा." तुम्ही नळी बंद केलीत.

तासाभरात वाफेबरोबर पाणी टर्बाइनमध्ये शिरलं आणि पाती गेली. उसाच्या गाड्या पार रस्त्यापर्यंत तुंबल्या. चौकशीत तुम्ही सांगितलंत, "बॉयलरातली पाण्याची पातळी मीच चढवून ठिवली हुती." धादांत खोटं. माझा कागद तसाच फायलीत राहिला आणि तुम्हाला बॉयलरवरून काढून गेटवर बसवलं. घरी मी रडत विचारलं, "कावून असं केलं तुमी?" तुम्ही ताटाकडे बघत म्हणालात, "माजी नोकरी सरत आली. तुजी आत्ता सुरू झालीया. भाकर वाढ." दोन वर्षांनी तुम्ही गेलात. त्या गेटमधून मी आजही रोज जाते, मान खाली घालून.

आज पारा पुन्हा अठ्ठ्याण्णववर अडला. खरं सांगते, हात आधी त्र्याण्णवच लिहायला गेला. मग उठले आणि नळी उघडली. तोंडापासून पांढरी. वाफेतलं पाणी आधी वेगळं काढून तोललं, उरलेल्या वाफेवर पारा लावला, तेव्हा खरा आकडा आला: अठ्ठ्याऐंशी. मी मिल थांबवायला लावली. रस आटवायच्या भांड्यातली एक नळी गळत होती, रस बॉयलरला परत जाणाऱ्या पाण्यात उतरत होता. टर्बाइन वाचलं.

मोठे साहेब खूश होऊन बॉयलरवर आले. भोवती शिफ्ट उभी होती, त्यात तुमच्या हाताखाली काम केलेले दोघे होते. तुमच्यावरचा डाग पुसायला याहून बरी वेळ कुठली? साहेबांनी विचारलं, "मॅडम, नळी उघडून बघायचं हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

ते दोघे माझ्याकडेच बघत होते, आबा. मी म्हणाले, "पुस्तकात आहे, सर."