जागेचा प्रकार : पडीक

३ फेब्रुवारी

चि. बेडूकरावांस,
अ. उ. आ.

ही दोघं नाहीतरी दिवसभर तिथेच पडीक असतात, तर त्या जागेचं नावच पडीक ठेवू या, असं बाबा एकदा जेवताना म्हणाले होते. तुझ्या खिशातला बेडूक तेव्हा आईच्या ताटाशेजारी उतरला होता. त्या दिवसापासून घरामागच्या पाणथळीला आपल्याकडे दुसरं नाव राहिलं नाही.

हे आज आठवायचं कारण हसण्यासारखं नाही, पण तू हसशीलच. आमच्या खात्याने जैवविविधतेचं नवं धोरण केलंय. वरून आदेश आला आणि सहा आठवड्यांत यादी तयार. ज्या जागांची नोंद पाणथळ, गवताळ किंवा जंगल अशी आहे, त्या राखीव. ज्यांची नोंद पडीक, त्या भराव घालून बांधकामाला मोकळ्या. मसुदा माझाच. सुटसुटीत आहे म्हणून साहेबांनी कौतुकही केलं. काल यादी तपासताना दिसलं, आपली पाणथळ मोकळ्या जागांत आहे आणि तिथे बसगाड्यांचा तळ व्हायचाय.

ही नोंद कुठल्या शहाण्याने केली म्हणून जुना फॉर्म काढला. एकोणीस वर्षांपूर्वीचा. मी तेव्हा नवखी कारकून, घर जवळ म्हणून पाहणीला मलाच पाठवलेलं. रकाना होता ‘जागेचं नाव अथवा प्रकार’. त्यात माझ्या वळणदार अक्षरात लिहिलंय, पडीक. खाली माझी सही.

हरकतींची सुनावणी २० मार्चला. त्यानंतर मातीचे ट्रक. आईला यातलं अक्षरही कळवू नकोस, तिच्या स्वयंपाकघराची खिडकी तिकडेच उघडते. पोट धरून हसून झालं की काहीतरी सुचव.

तुझ्यावर लोभ आहे, तो वाढवायचा की नाही हे उत्तर पाहून ठरवीन.

ताई

---

१४ फेब्रुवारी

ती. कलमबाई ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हसून झालं. दोन दिवस लागले, म्हणून उत्तराला उशीर.

तुमचं सरकार म्हणजे अगदी तूच. लहानपणी माझं कपाट मला न विचारता आवरायचीस, तसं. मी लग्न करून नदीच्या या तीरावर आलो आणि दुसऱ्या सरकारच्या वनखात्यात लागलो, तेव्हा वाटलं सुटलो. पण आमचं सरकार माझ्यावर गेलंय. सगळ्यांना विचारल्याशिवाय पान हलत नाही. जैवविविधतेचा करार एकच, दोन्ही सरकारांच्या सह्या एकाच कागदावर, पाणथळही एकच, मधून फक्त नदी जाते. तुमच्याकडे सहा आठवड्यांत यादी झाली. आमच्या गावसमितीच्या अकरा वर्षांत एकेचाळीस बैठका झाल्या आणि नियम अजून एकही नाही.

मागच्या बैठकीत मी इतर देशांची माहिती दिली. एका ठिकाणी बांधावरचं गवत न कापल्याबद्दल अनुदान मिळतं म्हटल्यावर गावातले सगळे आळशी एकदम पुढे सरकले. एका देशाने नदीला माणसासारखे हक्क दिलेत म्हणालो, तर नावाडीकाकांनी विचारलं की मग तिने तीनदा माझी होडी नेली, त्याची फिर्याद कुठे करायची.

पण या गोंधळातून एक वही मात्र झालीय. कोणता पक्षी, कोणता मासा, कुठली वनस्पती, कोणत्या तारखेला कोणी पाहिली. दोघांनी पाहिल्याशिवाय नोंद होत नाही. पाखरं तीर ओळखत नाहीत, त्यामुळे तुमच्या काठचंही त्यात बरंच आहे. वही नावाडीकाकांकडे असते. तेच ते, ज्यांनी तुला कमरेपर्यंतच्या चिखलातून वेणीला धरून ओढून काढलं होतं.

सुचवायचं म्हणशील तर एकच. चूक झाली म्हणून लिहून दे. आणि हो, आईला मी सांगितलं. तिने फोनवर सरळ विचारलं की ताई हल्ली गोड का बोलते, मग माझा नाइलाज झाला.

लोभाचं काय ते मला पत्राने कळव.

बेडूकराव

---

२ मार्च

चि. चहाडखोरास,
आशीर्वाद या खेपेला मोजून एक.

गेले आठ दिवस आई खिडकीचा पडदा ओढून भाजी चिरते. सवय करतेय, म्हणाली.

साहेबांकडे गेले. त्यांनी दार लावून घेतलं आणि समजावलं. नोंद बदलायला ती करणाऱ्यानेच प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, ते सेवापुस्तकात चिकटतं, आणि जूनमध्ये बढतीच्या यादीत माझं नाव पहिलं आहे. एका दलदलीसाठी एवढं कशाला, असं ते अगदी काळजीने म्हणाले. मी विचार करते म्हणून आले आणि जिन्यात बसून राहिले. खरं सांगते, रात्रभर नाही, पण जेवणाची सुट्टी संपेपर्यंत मला बढती हवी होती.

मग वर जाऊन प्रतिज्ञापत्र टाइप केलं. आता ते दाखल आहे, नक्कल सोबत. शुद्धलेखनाची एक चूक राहिली, ती तू काढशीलच.

पण तेवढ्याने भागत नाही. जागा खरोखर पाणथळ आहे याचा पुरावा लागतो, आणि आमच्या खात्यात तो नाही. पडीक जागेतले पक्षी मोजायचे नसतात, म्हणून आमच्या कागदावर तिथे पक्षीच नाहीत. आणि पक्षी नाहीत म्हणून ती पडीक. हे वर्तुळ मीच आखलंय, तेव्हा कोणाला नावं ठेवू? तुमच्या वहीची प्रत पाठव. तुमच्या पद्धतीला मी आजवर जेवढी हसले, तेवढं सगळं मागे घेते.

लोभ पूर्ववत केला आहे, प्रतीच्या अटीवर.

ताई

---

९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चूक एक नाही, दोन आहेत. ‘प्रतिज्ञापत्र’ तू पाठवलेल्या नकलेत दोन चुकीच्या तऱ्हांनी लिहिलंयस. पण नक्कल मी घडी घालून पाकिटात ठेवलीय. का, ते विचारू नकोस.

आता वाईट बातमी. तुझ्यासाठी बेचाळिसावी बैठक बोलावली. चार तास चालली. प्रत द्यायची नाही असं ठरलं. आजवर दोन अधिकारी वही तपासायला घेऊन गेले, एकाने परत आणली ती निम्मी, म्हणून ती गावाबाहेर जाते फक्त सांभाळणाऱ्याच्या हातात. तो जाऊन वाचून दाखवू शकतो, एवढी सूट मिळाली. मी वाचू शकत नाही. परक्या सरकारपुढे बोलायला मला परवानगी लागते, आणि आमचं खातं ती सगळ्यांना विचारून देईल. तोवर तुमच्या बसगाड्या जुन्या होतील.

म्हणजे राहिले नावाडीकाका. ते उठले आणि म्हणाले, त्या तीरावर पाय ठेवणार नाही. सहा वर्षांपूर्वी तुमच्या सरकारने एका सकाळी बारीक जाळ्यांवर बंदी आणली. दुपारी काका नेहमीसारखे धक्क्यावर लागले, तर त्यांची जाळी उचलून नेली आणि त्यांच्यासमोर कापली. बंदी योग्यच होती, असं ते स्वतः म्हणतात. आदल्या दिवशी कोणी सांगितलं असतं तर जाळी मीच आणून दिली असती, हेही म्हणतात. बंदीचा तो कागद कोणी लिहिला, हे मी बैठकीत बोललो नाही. पाहिलंस ना, मीसुद्धा कधीमधी गप्प बसतो.

त्यांना तूच लिही. मी वाचून दाखवीन, त्यांचा चष्मा फुटलाय आणि नवा पंधरा तारखेनंतर मिळेल.

लोभ माझ्याकडून नेहमीचाच, मागे-पुढे न करता.

बेडूकराव

---

१२ मार्च

ती. नावाडीकाकांस,
सा. न. वि. वि.

मी पलीकडच्या तीरावरची. वेणीवाली. पत्र वाचून दाखवणारा मधे स्वतःची वाक्यं घालील, तिकडे लक्ष देऊ नका.

जाळ्यांच्या बंदीचा कागद मी लिहिला होता. दोन दिवसांत लिहिला. त्यात माशांच्या सतरा जाती होत्या, आणि त्या पकडणारी माणसं एका शब्दात उरकली होती, ‘संबंधित’. तुम्हाला मी ओळखत होते, तुमची होडी कधी धक्क्याला लागते हेही मला ठाऊक होतं, तरी निरोप धाडायचं सुचलं नाही. जाळी कापल्याचं मला कालपर्यंत माहीत नव्हतं. ही सबब म्हणून सांगत नाही. मी माहिती करून घेतली नाही, एवढंच खरं.

आता मी माझ्याच नोंदीविरुद्ध उभी आहे. सुनावणीच्या खोलीत एक लांब टेबल आहे, पलीकडे तिघं बसतात, आणि अलीकडे वाचणाऱ्यासाठी एक खुर्ची. वहीला हात लावायला मी कोणाला देणार नाही, साहेबांनाही नाही. आई म्हणाली की तुम्ही नाही म्हणालात तर पुन्हा विचारायचं नाही. मी विचारणार नाही.

तुमचा लोभ मागायला मला तोंड नाही, म्हणून पत्रात नेहमी असतं ते वाक्य गाळते.

तुमची,
वेणीवाली

ता. क. वीस तारखेला सकाळी नऊ वाजता मी आमच्या धक्क्यावर पायऱ्या संपतात तिथे पाण्यात उभी राहीन, होडीची दोरी धरायला. तुम्ही नाहीच म्हणणार, हे बेडूकरावांनी आधीच सांगितलंय आणि मलाही तसंच वाटतं. तरी विचारते काका, वही घेऊन याल का?