ओडेट कोर्मिए यांना बोलू देण्याबाबत

प्रति,
मा. संचालक, कर्मचारी विभाग,
मुख्य कार्यालय, मॉन्क्टन.

विषय : लैंगिक छळाच्या प्रकरणात तक्रारदारावर घातलेले मौनाचे बंधन उठवणेबाबत.
संदर्भ : माझाच जून महिन्यातील चौकशी अहवाल.

महोदया,

सविनय निवेदन की, मी आपल्या किनाऱ्यावरील शेवंड (लॉब्स्टर) कारखान्यात तक्रार-चौकशी अधिकारी आहे. नांग्या फोडण्याच्या कामावरील ओडेट कोर्मिए यांनी उकळणी विभागाचे प्रमुख फर्नां आर्सेनो यांच्याविरुद्ध तक्रार केली होती. ते येता-जाता अंगाला हात लावतात, शीतगृहात वाट अडवतात, असे तिचे स्वरूप. चौकशीत ती खरी ठरली. आर्सेनो यांना लेखी ताकीद देण्यात आली. ती गोपनीय आहे.

नियमाप्रमाणे दोघांना वेगळे ठेवणे भाग होते. हंगाम ऐन भरात, आणि कढयांवर आर्सेनोंना पर्याय नव्हता. म्हणून मी बाईंना हलवले, तेही त्यांच्याच सुरक्षेसाठी. खोकी चिकटवण्याच्या खोलीत एकटे बसवले, जेवणाची वेळ वेगळी केली आणि वाटेत गाठ पडू नये म्हणून मागचे दार दिले. शिवाय या प्रकरणाबद्दल चकार शब्द काढणार नाही, अशी लेखी हमी घेतली. कागदोपत्री हे सारे निर्दोष आहे. आपल्या कार्यालयाकडून मला त्याबद्दल शाबासकीही मिळाली.

परंतु आपल्या कारखान्यात मागच्या दाराने आजवर फक्त माल चोरणाऱ्यालाच पाठवले गेले आहे. हे माझ्या लक्षात यायला हवे होते. खरे सांगायचे तर आलेही होते. पहिल्याच आठवड्यात बायका विचारू लागल्या, "शेपट्या किती नेल्यास गं घरी?" बाईंनी मान खाली घालून ऐकून घेतले, कारण हमी दिली होती. पुढे तर खुद्द आर्सेनो यांनीच उपाहारगृहात सर्वांना समजावले, "जाऊ द्या रे, होते चूक माणसाकडून. तिला सांभाळून घ्या." लोकांना त्यांचा मोठेपणा वाटला. मी शेजारच्याच टेबलावर सूप पीत होतो. गोपनीयता मलाही लागू असल्याने मी सूप संपवले. तेव्हापासून अन्न गोड लागत नाही, पण तो आपल्या विभागाचा विषय नव्हे.

सबब विनंती की,

१. बाईंना त्यांच्या जागी परत आणून आर्सेनो यांना हलवावे. त्यापायी कढया बंद पडल्या तर पडोत.

२. बाईंनी चोरी केलेली नाही, एवढे तरी मला उपाहारगृहात उभे राहून सांगू द्यावे.

३. वरील दोन्हींना वेळ लागणार असेल, तर निदान ही विनंती आजच मंजूर व्हावी. बाईंची धाकटी बहीण इव्हेत याच कारखान्यात आहे. दोघी एकाच गाडीतून कामावर येत. हल्ली इव्हेत शेजाऱ्यांबरोबर येते आणि बहिणीकडे बघत नाही. काल बाई माझ्या दाराशी आल्या. आत आल्या नाहीत. म्हणाल्या, "साहेब, बाकीच्यांचं राहू द्या. बहिणीला तरी सांगू का?"

मी म्हणालो, वर विचारून सांगतो.

आपला नम्र व अपराधी,
झेरार लांद्री
चौकशी अधिकारी
दि. १४ जुलै