इंजिन बंद, गाडी थंड

बर्रा, दक्षिण ऑस्ट्रेलिया
४ सप्टेंबर १९९४

ति. क्लॅरी यास,

सा. न. वि. वि. तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला ओरडायचा कंटाळा, म्हणून हे पत्र. गुडघे कसे आहेत? इकडे कोकरं झाली. दोन कोल्ह्याने नेली, बाकीची धडधाकट आहेत.

आता मुद्द्याचं. फाटकाच्या खांबाला घासली म्हणून नेव्हिलने माझी छोटी गाडी मार्चमध्ये विकून टाकली, हे तुला माहीत आहेच. खांबाला काहीही झालेलं नाही. आता माझा हाच मुलगा म्हणतो की, आई, गावापासून चौदा किलोमीटरवर गाडीशिवाय तू एकटी राहणार कशी? ॲडलेडला म्हाताऱ्यांच्या वसाहतीत त्याने माझ्यासाठी दोन खोल्या बघितल्या आहेत. ऑक्टोबरअखेर होकार कळवायचा आहे. मी म्हटलं, गाडी आहे की, तुझ्या बापाची! व्हर्न गेल्यापासून त्याची स्टेशन वॅगन शेडमध्ये नऊ वर्षं उभी आहे. बॅटरी नवी घातली, टायर घातले, ब्रेक करून घेतले, आणि तिसऱ्या खेपेला ती सुरू झाली.

पण ऑटोमॅटिक गिअर टाकला की इंजिन नुसतं बोंबलतं आणि गाडी पुढे जायला मागत नाही. फाटकाजवळचा चढ तर निम्माही चढत नाही. नेव्हिलने गावातला मेकॅनिक आणला. त्याने बोनेटसुद्धा उघडलं नाही. दहा पावलं चालवली आणि गिअरबॉक्स मेला असं सांगून मोकळा झाला. तू चाळीस वर्षं हेच गिअरबॉक्स उघडलेस. खरं काय ते तू सांग. मी इथून हलणार नाही, हे मात्र लिहून ठेव.

लोभ असू दे, उपदेश आवर.
तुझी धाकटी बहीण, मर्ल


डेव्हनपोर्ट, टास्मानिया
११ सप्टेंबर

चि. मर्ल हिस,

अ. आ. बहात्तर वर्षांची झालीस तरी माझ्यासाठी तू चि.च. गुडघे कुरकुरतात, मीही कुरकुरतो. आमचं बरं जमतं.

नेव्हिलचंही पत्र आलं. गिअरबॉक्स संपला असं मी तुला लिहावं, म्हणजे तू ऐकशील, अशी त्याने गळ घातली आहे. पोराला तुझी काळजी खरी आहे, त्याच्यावर फार डाफरू नकोस. पण मी त्याला कळवलं की, ज्या तेलाचा वास घेतलेला नाही त्याच्याबद्दल मी जन्मात कधी मत दिलं नाही, आणि आता पंचाहत्तरीत सुरुवात करणार नाही.

तेव्हा वास तू घे. गिअरबॉक्सचं तेल मोजायची पट्टी काढून पांढऱ्या रुमालावर टीप. तेल तपकिरी असेल आणि करपलेल्या टोस्टचा वास आला, तर आतल्या क्लच प्लेटा जळल्या. मग सामान बांध, मी काही करू शकत नाही. लालसर असेल तर अजून जीव आहे. रिव्हर्समध्येही घसरते का, तेही बघ. आणि तेलाची पातळी किती होती, ती तू कशी पाहिलीस, ते सविस्तर लिही. सविस्तरच्या खाली मी रेघ मारली आहे, कारण तुला मी ओळखतो. केकची कृती सांगतानाही तू एक जिन्नस गाळतेस.

माया आहेच, ती पोस्टाने येत नाही एवढंच.
क्लॅरी


बर्रा
१९ सप्टेंबर

ति. क्लॅरी यास,

सा. न. वि. वि. मी कशाला रंग सांगू? रुमालच सोबत पाठवते. व्हर्नचा आहे. वास तूच घे. रिव्हर्समध्येही घसरते.

आता गाळलेला जिन्नस. गाडी सुरू करण्याआधीच मी पट्टी पाहिली होती. तेल वरच्या खुणेच्याही बोटभर वर होतं. व्हर्नने शेडच्या भिंतीवर रंगाने लिहून ठेवलंय, ‘तेल बघायचं तर इंजिन बंद, गाडी थंड.’ मी अगदी तसंच केलं. जास्त तेल वाईट, असंही तोच म्हणायचा. म्हणून मेंढ्यांना औषध पाजायच्या पिचकारीला लांब नळी जोडली आणि पट्टीच्या भोकातून जास्तीचं तेल ओढून काढलं. दोन दिवस लागले. दोन लिटर निघालं, ते आइसक्रीमच्या डब्यात आहे. हे आधी लिहिलं नाही, कारण तू हसला असतास.

नेव्हिल रविवारी वसाहतीचा अर्ज घेऊन आला. सगळा भरलेला, फक्त माझी सही बाकी. मी त्यावर चहाचा कप ठेवला आणि त्याला स्कोन खायला घातले. तो गेल्यावर मात्र भीती वाटली, क्लॅरी. या खिडकीतून व्हर्नने लावलेली निलगिरीची झाडं दिसतात. ही खिडकी गेली तर मी कुणाची कोण उरेन, ते मला कळत नाही. हे नेव्हिलला कळवू नकोस.

राग असला तरी लोभ राहू दे.
मर्ल


डेव्हनपोर्ट
२६ सप्टेंबर

चि. मर्ल हिस,

अ. आ. हसलो. इतका की, शेजारीण बघायला आली.

अगं वेडे, व्हर्नचा नियम इंजिनच्या तेलाचा. गिअरबॉक्सचं सगळं उलटं. गाडी नऊ वर्षं उभी होती, वरचं तेल उतरून तळाला साचलं, म्हणून पट्टीला जास्त दिसलं. इंजिन सुरू झालं की पंप तेच तेल वर ओढतो. तू दोन लिटर आधीच काढून घेतलंस, तर बिचाऱ्याने ओढायचं काय? तेल नाही म्हणून जोर नाही, जोर नाही म्हणून प्लेटा धरत नाहीत. मेंढीच्या पिचकारीने गिअरबॉक्सचं रक्त काढणारी बाई मला पहिल्यांदाच भेटली.

रुमालाचा वास घेतला. तेल जळलेलं नाही. व्हर्नच्या तंबाखूचाही थोडा वास आला. रुमाल परत मागू नकोस.

आता ऐक. डब्यातलं तेल वापरू नकोस, नवं आण. गाडी सपाटीवर, हँडब्रेक ओढलेला, इंजिन चालू. चांगलं तापू दे. ब्रेकवर पाय ठेवून एकेक गिअर टाकून परत ‘पी’वर, म्हणजे पार्कवर, आण, आणि इंजिन चालू असतानाच पट्टी बघ. थोडं थोडं ओत, घाई नको. खाली वर्तमानपत्र अंथर. रबरी सील सुकलेत, काही दिवस थेंब पडतील.

चूक नेव्हिलला सांगायची की नाही, ते तू ठरव. मी तोंड उघडणार नाही.

प्रेम आहे तसंच, पातळी तपासायची गरज नाही.
क्लॅरी


बर्रा
१७ ऑक्टोबर

ति. क्लॅरी यास,

सा. न. वि. वि. गिअर धरला! रिव्हर्स आधी, मग पुढचे सगळे. मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले आणि मग फाटकाचा चढ चार वेळा चढले. खांबाला न घासता.

शनिवारी गावच्या कृषी प्रदर्शनात जुन्या गाड्यांची मिरवणूक होती. चौदा किलोमीटर मीच चालवत गेले. नेव्हिल मागून त्याच्या गाडीत, टोचन करायचा दोर घेऊन. दोर लागला नाही. मैदानावर मेकॅनिकही होता, त्याला मी हात केला.

नंतर नेव्हिलला पिचकारीचं सगळं सांगितलं. खोट्याच्या जोरावर घर राखायचं नव्हतं मला. तो म्हणाला की, म्हणजे बिघाड तूच केलास, मग तुझ्यावर भरवसा कसा ठेवू? मी म्हटलं, चूक माझी, ती मी कबूल केली, आणि दुरुस्तही मीच केली. तुझ्या मेकॅनिकने यातलं काय केलं? मग चहाच्या डागाचा अर्ज मी त्याला परत दिला, बिनसहीचा. त्याने तो घडी करून खिशात ठेवला आणि दोर मात्र माझ्या गाडीत टाकला. असू दे म्हणाला, लांब जाशील तेव्हा.

भिंतीवर व्हर्नच्या ओळीखाली मी माझी एक ओळ रंगवली आहे, ‘गिअरबॉक्स: इंजिन चालू, गाडी गरम.’ त्याची पुसली नाही.

आणि लांबच जाते आहे. मेलबर्नहून तुझ्या डेव्हनपोर्टला येणाऱ्या बोटीचं तिकीट काढलं, सात नोव्हेंबरचं, एक बाई आणि एक वॅगन. नऊ वर्षं तुझी फक्त पत्रं वाचली. रुमाल परत मागू नकोस म्हणालास, मागत नाही.

न्यायला येते.

मर्ल