शांत पट्ट्यातली लाट

३ मार्च, मंगळवार

आमच्या संशोधन गटाच्या मॅडमनी आज भर बैठकीत सांगून टाकलं – "सोमवारी संध्याकाळपासून मशीन दुसऱ्या गटाला. तुझ्या लाटा नसतीलच." झालं! सूर्यापासून लांब गेलेल्या एका म्हाताऱ्या अंतराळयानाने पाठवलेले आकडे इतकी वर्षं त्या मशीनवर चाळले, आणि निकाल दोन वाक्यांत. वर नाकातून – "ठीक आहे? पुढे!" मी मनातल्या मनात त्यांच्या पाण्याच्या बाटलीत मीठ घातलं.

५ मार्च, गुरुवार

जेवताना सासूबाई म्हणाल्या, "तुझं नेमकं हरवलंय तरी काय?" सांगितलं. ताऱ्यांमधल्या मोकळ्या जागेतून हायड्रोजनचे अणू आपल्या सूर्यमालेत येतात. त्यांच्यावर विद्युतभार नसतो, म्हणून सौरवाऱ्यातलं चुंबकीय क्षेत्र त्यांना अडवत नाही – खुशाल आत! मग सूर्यप्रकाश त्यांचा इलेक्ट्रॉन काढून घेतो. भार आला, की क्षेत्र त्यांना धरतं आणि गरागरा फिरवतं. या नव्यांच्या गिरक्यांनी क्षेत्रात लाटा उठायला हव्यात. त्याच दिसत नाहीत.

"म्हणजे लग्नच की!" सासूबाई. सगळे हसले. धाकटी जाऊ ताटात बघत राहिली. दोन महिने झाले येऊन, "हो" आणि "नको" याखेरीज शब्द नाही. गरीब गाय.

८ मार्च, रविवार

पोट दुखतंय हसून! सगळे बाहेर गेले होते. मी डोकं धरून पडलेली. स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज – "मी काही बोलत नाही हं, पण..." दचकलेच. या कधी परतल्या? बघते तर जाऊबाई, भांडी घासता घासता! मग दिरांची जांभई. मग मी – "अगं, गंमत अशी आहे की..." – हातवाऱ्यांसकट. मी इतकी आगाऊ वाटते? शेवटी आमच्या मॅडम. (त्यांचा फोन रोज संध्याकाळी स्पीकरवर असतो, मी भाजी चिरत असते.) "ठीक आहे? पुढे!" नाकासकट!

टाळ्या वाजवल्या. ती पांढरीफटक. "ताई, आईंना सांगू नका हं!"

म्हटलं, मग इतके दिवस गप्प का?

"गप्प कुठे? रोज बोलते. तुमच्या कल्लोळात कोणाला ऐकूच जात नाही."

माझी डोकेदुखी पळाली. मी लाटा नेहमी वादळांत शोधल्या. सौरवारा शांत, क्षेत्र स्थिर, असे आकड्यांतले पट्टे 'कंटाळवाणे' म्हणून वगळत आले. गोंधळ लाटेला मोठी होण्याआधीच गिळत असणार! शांत पट्टेच चाळायला हवेत. पण आठवडा लागेल – आणि उद्या मशीन जाणार.

९ मार्च, सोमवार

सकाळी मॅडमकडे गेले. बोलूच दिलं नाही. "कारणं नकोत." ओठ घट्ट मिटलेले – रागाने, दुसरं काय!

संध्याकाळी घरच्या फोनवरून जाऊबाईंनी मशीनवाल्याला फोन लावला. मॅडमच्या आवाजात. "तिचं मशीन आणखी आठवडाभर काढू नकोस. ठीक आहे? पुढे!" 'पुढे' म्हणायची गरज नव्हती, पण कलाकाराला अडवणार कोण? तो म्हणाला, "हो मॅडम, आहे लक्षात." फोन ठेवला आणि आम्ही दोघी जमिनीवर लोळलो.

१० मार्च, मंगळवार

मशीन चालू आहे. चोराच्या मनात चांदणं – मॅडम नुसत्या खोकल्या तरी दचकते.

१३ मार्च, शुक्रवार

सापडली!! एका मिळमिळीत, निजलेल्या पट्ट्यात. मग दुसऱ्यातही. वारंवारता नेमकी तीच, नव्या हायड्रोजनच्या गिरक्यांची. मशीनच्या खोलीत एकटीच भोकाड पसरून रडले. मॅडमनी आलेख पाहिला, चष्मा पुसला, परत पाहिला. "ठीक आहे," म्हणाल्या. 'पुढे' म्हणाल्याच नाहीत!

घरी जेवताना सगळ्यांना गप्प केलं. म्हटलं, आता हिचं ऐका. सासूबाईंनी स्वतःलाच ऐकलं आणि पाणी नाकात गेलं त्यांच्या.

१६ मार्च, सोमवार

मॅडमनी खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं. "मशीनवाला म्हणतो, तुझं मशीन काढू नकोस म्हणून गेल्या सोमवारी मी त्याला दोनदा फोन केला. सकाळचा माझाच. तुला सांगितलं नाही – धास्ती असली की तू बरं काम करतेस." मग खुर्ची जवळ ओढून, अगदी नाकातून – "आता सांग, संध्याकाळची मी कोण होते?"